उमेदवार कोण?

बसा. दिवा असू दे. भुताखेतांवर मी आजवर एक ओळ लिहिली नाही. लिहिणाऱ्यांची टरच उडवली. म्हणून हे सांगताना मला माझाच राग येतो.

काम साधं होतं. माझ्या भाचीला एका जुन्या विद्यापीठाच्या गावी प्रवेश मिळाला होता आणि होकार कळवण्याआधी तिला गाव पाहायचं होतं. निघताना बहिणीने बजावलं, दादा, तिथे कुणाशी भांडू नकोस, संध्याकाळी पोरीला सुखरूप घरी आण. घरात सगळे पोरीला ‘चौकशी’ म्हणतात. बोलायला लागल्यापासून तिच्या तोंडी ‘का’ आणि ‘कशावरून’. मामावर गेली, असं तिची आई कपाळाला हात लावून सांगते. मला त्याचा अभिमान होता.

दुपारपर्यंत गाव छान वाटलं. पायांनी गुळगुळीत झालेले दगडी रस्ते, कमानींखाली सायकली, जुन्या पुस्तकांची दुकानं. पाहुण्यांना विद्यापीठ दाखवणाऱ्या गाईडबाईंना चौकशीने भंडावून सोडलं. ही इथे आली तर प्राध्यापकांनाच अभ्यासाला बसावं लागेल, असं म्हणून बाई हसल्या. बाकीचे पाहुणे चहाला पांगले, तेव्हा आम्हा दोघांना त्यांनी जुन्या परीक्षा-दालनात नेलं.

आत भर दुपारी तिन्हीसांज होती. मेणाचा आणि ओल्या लोकरीचा वास. फरशीच्या मधोमध काळ्या दगडाचं वर्तुळ, आणि वर तीन बाजूंनी लाकडी सज्जा. बाईंनी सांगितलं, पूर्वी उमेदवार त्या वर्तुळात उभा राहायचा आणि परीक्षक वरून प्रश्न विचारायचे, त्यांचं समाधान होईपर्यंत. काही जण उभ्याउभ्या कोसळले. एक पोरगा तर पुन्हा उठलाच नाही.

“वर्तुळात जाऊ नका,” बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “गेलातच, तर तोंड उघडू नका.”

“का?” चौकशीने विचारलं.

बाई नुसत्या हसल्या आणि माझं डोकं सणकलं. पोरांचे जीव घ्यायचे आणि वर त्याची गोष्ट करून पाहुण्यांना विकायची. असल्या संस्थांशी पेपरातून भांडण्यात माझी हयात गेली आहे. मी सरळ जाऊन वर्तुळात उभा राहिलो.

बाहेरचा गलबला थांबला. कानांना दडे बसल्यासारखं झालं. मग वरचे रिकामे बाक करकरले, एकामागून एक... बरीच माणसं पुढे वाकावीत तसे. आणि वरून आवाज आला. म्हातारा, कंटाळलेला, कचेरीतल्या कारकुनासारखा.

“उमेदवार कोण...?”

आमच्या धंद्यातली एक खोड सांगतो. जिथे बातमीदाराला शिरू देत नाहीत, शवागार म्हणा, कारखान्याचं फाटक म्हणा, तिथे कुणी हटकलं की आम्ही स्वतःची ओळख देत नाही. सोबतच्या माणसाला पुढे करतो आणि आपण त्याचे नातेवाईक होतो. विचार करायच्या आत माझी जीभ वळली.

“मी नाही. मी नातेवाईक. उमेदवार ही.”

बाईंच्या हातातली किल्ली पडली. “बोललात...” त्या पुटपुटल्या. “कशाला बोललात...”

चौकशी ताठ उभी होती. मान वर, ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी तिचा हात धरून तिला ओढत बाहेर उन्हात आणलं. हात बर्फासारखा गार. काय विचारलं तुला, मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो.

“अजून विचारतायत, मामा,” ती म्हणाली.

संध्याकाळी तिला घरी आणलं. होकार कळवायचा नाही, असं मी ठणकावलं. तिने मान डोलावली. कशावरून, असं म्हणाली नाही. त्यानंतर तिने कुणाला एकही प्रश्न विचारलेला नाही. सुरुवातीला बहीण खूश होती. दादा, पोरीला वळण लावून आणलंस, म्हणाली. आता म्हणत नाही. कारण पोरगी जेवता जेवता उठून उभी राहते, मान वर करते आणि हळू, अदबीने उत्तरं देते. प्रश्न आम्हाला ऐकू येत नाहीत.

काल मी तिच्या शेजारीच बसलो होतो. ती उभी राहिली. बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, “हो. नातेवाईक इथेच आहेत.”

आणि आमच्या सिमेंटच्या छतात कुठेतरी लाकूड करकरलं... कुणीतरी पुढे वाकावं तसं.