जागा क्रमांक अकरा

कोब्बाद चाचा मुरमुऱ्यांची पोती घेऊन होडीनं परत आले तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. ब्रह्मपुत्रेला पूर होता. चरावरच्या, म्हणजे नदीतल्या वाळूच्या बेटावरच्या, आमच्या शाळेत चार दिवसांपासून सव्वाशे माणसं होती, शिवाय त्यांच्या गाई, शेळ्या आणि कोंबड्या. बाकं व्हरांड्यात रचून ठेवली होती, त्यातली दोन कुणीतरी चुलीत घातलीही होती. चाचा या शाळेचे जुने शिपाई. मी जुएल, नवा मास्तर. नोकरीला लागून पाच महिनेही झाले नव्हते.

चाचांनी पोती उतरवली. ते तिसरीच्या वर्गात डोकावले आणि एक मोकळी चटई बघून तिथूनच ओरडले, "अकरा नंबरवर कुणाला निजवलं होतं?"

जमिनीवर खडूचे चौकोन होते. एका कुटुंबाला एक, प्रत्येकाला आकडा. अकरावा चौकोन चाचांनी पहिल्या दिवसापासून रिकामा ठेवायला लावला होता. का, म्हणून विचारलं की म्हणायचे, "तुझ्या बापाची जागा आहे का? राहू दे तशीच."

मी झालं ते सांगितलं. दुपारी एका होडीतून तापानं फणफणलेला म्हातारा आला. गियास मंडल. सोबत मुलगा. दुसरी जागा नव्हती म्हणून त्याला अकरावर निजवलं. संध्याकाळच्या आत म्हातारा गेला. शाळा ज्या टेकाडावर आहे त्याचा पूर्वेकडचा तुकडा अजून कोरडा होता. मुलगा तिथं बापाला माती द्यायला जागा मागत होता. आम्ही नाही म्हणालो.

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी, शिल्पी आपा आणि बादशा भाई." शिल्पी आपा शाळेतल्या शिक्षिका, बादशा मदतीला आलेला स्वयंसेवक. दोघं शेजारीच होते, पण आत्ता दोघांनाही पाण्याकडे बघायचं होतं. मीच बोलत राहिलो. "पोरं तिथं खेळतात, चाचा. कबर केली तर पाणी उतरल्यावर एक मूल शाळेत यायचं नाही. केळीच्या खांबांचा तराफा करून दिला. कफन दिलं, वहीच्या पानावर चिठ्ठी लिहून बांधली. खाली ज्याला कोरडी जमीन मिळेल तो माती देईल. पुरात सगळेच असं करतात."

चाचा व्हरांड्याच्या पायरीवर बसले. विडी काढली, पण पेटवली नाही.

"बसा तिघंही," ते म्हणाले. "शहाणे आहात ना? मग ऐका."

आणि त्यांनी सांगितलं ते असं.

०

ही कुणाच्या मेव्हण्याच्या चुलत्याची गोष्ट नाही. आपले आधीचे हेडमास्तर, मोफज्जल सरकार, त्यांची आहे. वीस वर्षं त्या माणसाच्या ताटाशेजारी माझं ताट असायचं.

सतरा सालचा पूर. तेव्हा आपली शाळा काशबाडीच्या जुन्या चरावर होती, इथून सात मैल खाली. आता तिथं नदी आहे. पाणी चढायला लागलं तसे मास्तर म्हणाले, "कोब्बाद, होडी काढ. तालुक्याहून खडू आणू."

मी म्हणालो, "मास्तर, लोक तांदूळ मागतायत. खडू काय चाटवायचाय त्यांना?"

"तांदूळ आला तरी जागेवरून डोकी फुटतात. रेघ मारली की फुटत नाहीत."

खडू आणला. मास्तरांनी गुडघ्यावर बसून सगळी शाळा आखली. वर्ग, चौकोन, आकडा. मदतीची यादीसुद्धा तशीच. गाव वाहून गेलेलं, मग माणसाचा पत्ता काय लिहायचा? तर शाळेचं नाव, वर्ग, जागा क्रमांक. इतक्या वेळा लिहिलं की त्यांचा हात आपोआप तेच लिहायचा.

तिसरीच्या वर्गात अकरा नंबरवर रहेला बेवा होती. म्हातारी, विधवा, जिभेची तिखट. सोबत मुलगी मर्जिना. पाचव्या दिवशी म्हातारी जुलाबानं गेली. श्रावणाची अठ्ठावीस तारीख, शनिवार. मर्जिना मास्तरांकडे आली, म्हणाली, "दोन हात माती द्या. टेकाडावर जागा आहे."

टेकाडावर जागा होतीच. आज होती तशी.

मास्तर वाईट नव्हते, बरं का. ते टेकाड त्यांनी अकरा वर्षं पोरांकडून, लोकांकडून टोपल्या-टोपल्यांनी वाळू टाकून घेऊन उंच केलं होतं. ते म्हणाले, "आज एक कबर, उद्या दहा. मग मी शाळा कुठं भरवू, कबरस्तानात?" लोकही त्यांच्याच बाजूनं. जी बाई कालपर्यंत म्हातारीच्या पानातलं खात होती तीच म्हणाली, "इथं नको बाई, माझी पोरं रात्री मुतायला उठतात." मीही मान हलवली. मला काय धाड भरली होती विरोध करायला?

मर्जिना रडली नाही. मास्तरांकडे बघून म्हणाली, "जिवंत असताना जागा दिलीत. मेल्यावर काढून घेता?"

मास्तरांनी वहीचं पान फाडलं आणि चिठ्ठी लिहिली. नाव, वय. ज्याला कोरडी जमीन मिळेल त्यानं माती द्यावी. खाली पत्ता. हात थांबला नाही त्यांचा. काशबाडी चर सरकारी प्राथमिक शाळा. वर्ग तिसरा. जागा क्रमांक अकरा.

०

चाचा थांबले. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, हे बरं होतं. मी उजवा हात मांडीखाली घेतला. बोटाला अजून शाई होती.

"पुढे?" बादशा म्हणाला.

"पुढे काय. तराफा सोडला."

०

रात्री बाराच्या सुमारास मी लघवीला उठलो. पायरीशी आवाज झाला. टक्. लाकूड लाकडाला लागावं तसा नाही, मऊ. ओल्या केळीचा. कंदील धरला, तर तराफा. तोच. आमच्याच दोरीची गाठ. प्रवाह खाली धावतोय, आणि तराफा वर आलेला.

म्हणालो, भोवऱ्यात सापडला असेल. बांबूनं ढकलला.

दुसऱ्या रात्री परत. टक्.

या वेळी मास्तर होते सोबत. त्यांनी स्वतः ढकलला. बांबू पाण्यात गेला आणि पलीकडून कुणी धरावा तसा जरा... अडकला. मग सुटला. मास्तर मला म्हणाले, "लोकांना सांगू नकोस." मी म्हणालो, "मास्तर, मातीच देऊन टाकू." ते चिडले. "एकदा नाही म्हटलंय ना?"

तिसऱ्या रात्री टक् झालं नाही. पण सकाळी तिसरीच्या वर्गात आरडाओरड. मर्जिना तराफा सोडल्यावर शाळेत थांबली नव्हती, म्हणून अकरा नंबर दुसऱ्या कुटुंबाला दिला होता. रात्री ते तिघं तिथंच निजले होते. सकाळी सापडले व्हरांड्यात. झोपलेलेच, चटईसकट. आणि अकराचा चौकोन ओला. बाकी वर्ग कोरडा ठणठणीत.

मग पाणी उतरलं. कार्तिकात नदीनं चर कापायला सुरुवात केली. आम्ही शाळेचे पत्रे, बाकं, घंटा, सगळं होड्यांत घातलं आणि इथं आलो. सात मैल वर. मास्तर उतरल्या उतरल्या म्हणाले, "सुटलो रे, कोब्बाद." मी पाटी ठोकत होतो. पाटीवर नाव तेच होतं. चरावरच्या शाळेची जागा बदलते, नाव बदलत नाही. माझ्या डोक्यात आलं ते. पण बोललो नाही.

एकोणीस साल. श्रावणाची दोन तारीख, बुधवार. पुन्हा पूर, पुन्हा शाळेत माणसं, पुन्हा खडू. मास्तरांनी दहा आखला, बारा आखला. अकरा सोडला. ही पक्की इमारत तेव्हा नव्हती. पत्र्याच्या भिंती, मातीची जमीन. पाणी जोत्याला लागलं होतं. बाहेर बोटभर माती कोरडी नव्हती.

रात्री पावणेदोन.

टक्.

मास्तर उठून बसले. मीही.

टक्.

मास्तर दारापर्यंत गेले. बाहेर बघितलं. बराच वेळ. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "देतो म्हणावं तिला. माती देतो."

"कुठली माती, मास्तर? सगळीकडे पाणी आहे."

त्यांनी खाली बघितलं. पायाखाली.

तिसरीतल्या लोकांना आम्ही व्हरांड्यात काढलं. साप निघाला म्हणून सांगितलं. मी कंदील धरला. मास्तरांनी खडू घेतला, दहा आणि बाराच्या मधे चौकोन आखला, आकडा घातला. मग कुदळ मारली. साठीचा माणूस. धापा टाकत होता. मी म्हणालो, मी खणतो. नको म्हणाले. "‘नाही’ मी म्हटलं होतं. तू नव्हे."

कमरेइतका खड्डा झाला. खाली वाळू लागली. कोरडी. चहूकडे ब्रह्मपुत्रा, आणि ही वाळू कोरडी.

मास्तर वर आले. म्हणाले, "तू इथंच थांब. मी आणतो तिला."

गेले.

पायऱ्या उतरल्याचा आवाज आला. एक, दोन, तीन... पाण्यात पाय पडल्याचा.

मग...

काही नाही. बेडूकसुद्धा नाही.

मी हाक मारली. "मास्तर?"

कंदील विझला. वारा नव्हता. ओल्या केळीचा वास आला, अगदी जवळून. माझ्या समोरून. खड्ड्यात माती पडायला लागली. कुदळीनं नाही. हातानं. ओंजळ, ओंजळ, ओंजळ. घाई नव्हती कुणाला. मी भिंतीला पाठ लावून उभा. कलमा म्हणायला गेलो तर पहिला शब्द आठवेना. मुसलमानाच्या पोटी जन्मलेला मी!

किती वेळ गेला, माहीत नाही.

उजाडलं. खड्डा नव्हता. जमीन सपाट, वरून सारवलेली. बायका सारवतात तशी, बोटांच्या अर्धगोल रेघा. त्या रेघा माझ्या आईच्या हाताच्या असाव्यात इतक्या नीट. भोवती खडूचा चौकोन. तराफा नाही. मास्तर नाहीत.

पोलीस आले. त्यांनी ती जागा पुरुषभर खोल खणली. वाळूच वाळू. म्हातारी नाही, मास्तर नाहीत, काहीच नाही. माझ्याकडेच संशयानं बघत राहिले दोन महिने. मास्तरांच्या बायकोनं मला अजून दारात उभं केलेलं नाही. तिचं काय चुकलं? नवऱ्यासोबत मीच होतो ना शेवटी.

ही इमारत झाली तेव्हापासून मी तिसरीत अकरा नंबर कुणाला देत नाही. आणि या शाळेतून चिठ्ठी लिहू देत नाही. आज एक दिवस मुरमुऱ्यांसाठी गेलो...

०

चाचांनी विडी पायरीवर ठेवली. पाऊस सुरू झाला होता. आत एक मूल रडून गप्प झालं.

"चिठ्ठी कुणी लिहिली?"

"मी," मी म्हणालो.

"पत्ता काय घातलास?"

शिल्पी आपा माझ्याकडे बघत होत्या. त्या मुलाला मी विचारलं होतं, पत्ता काय लिहू. तो म्हणाला होता, "घर परवाच नदीत गेलं, सर. आता इथलाच लिहा." मी मदतीच्या यादीत चार दिवस जसं लिहीत होतो तसंच लिहिलं होतं. शेवटच्या ओळीसकट.

"जुएल. पत्ता काय घातलास?"

मी मांडीखालचा शाईचा हात बाहेर काढला. सांगायची गरज उरली नव्हती. चाचा गुडघे धरून उठले आणि म्हणाले, "गाढवा, कुदळ आण. टेकाड कोरडं आहे तोवर खणून ठेवू. येईल तेव्हा तयार असू. मास्तरांसारखा उशीर नको."

मी कुदळ आणली. बादशानं टॉर्च घेतली. आम्ही चौघं पावसात टेकाडाच्या पूर्वेकडे धावलो. संध्याकाळी तो मुलगा जिथं उभा राहून हात जोडत होता तिथं मी कुदळ मारली.

पाणी उडालं.

बादशानं टॉर्च खाली केली. गवताची टोकं तेवढी दिसत होती. आम्ही गोष्ट ऐकत बसलो तेवढ्या वेळात तो तुकडाही गेला होता. चाचांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला त्या म्हाताऱ्याचा चेहराही नीट आठवेना, याची मला खूप लाज वाटली.

आम्ही परत फिरलो. व्हरांड्याची खालची पायरी पाण्याखाली होती. वरच्या पायरीवर, जिथं चाचा बसले होते, तिथं त्यांची विडी भिजून लगदा झाली होती. पाऊस पायरीवर सरळ कोसळत होता.

विडीशेजारी वहीचं एक पान होतं. चार घड्या घातलेलं.

शिल्पी आपांनी ते उचललं. उघडलं. टॉर्चखाली धरलं. पान कोरडं होतं. शाई कुठंच पसरली नव्हती. अक्षर माझं होतं.