मधली गाडी कुणीच घेतली नाही

शोरूममध्ये चालवून बघायला गाडी एकच होती आणि त्या सकाळी तिच्यासाठी गिऱ्हाइकं दोन आली.

आधी आली ती डॉक्टर. गुरांची डॉक्टर. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, अंगावर चुरगळलेला शर्ट. पहाटे एका अडलेल्या गाईची सुटका करून ती परस्पर इकडेच आली होती, आणि शोरूमच्या चकचकीत फरशीवर तिच्या बुटांचे ओले ठसे दारापासून टेबलापर्यंत उमटले होते. तिची जुनी जीप मागच्याच आठवड्यात एका चढावर बसली ती उठलीच नाही. गॅरेजवाल्यानंही हात टेकले. तिच्या वाट्याचे गोठे सगळे डोंगरात, दगडगोट्यांच्या वाटांवर. गाडीशिवाय तिचं पान हलत नव्हतं.

तिच्या पाठोपाठ आला तो मोबाइलचे टॉवर दुरुस्त करणारा इंजिनिअर. उन्हानं रापलेला, उंच, आणि जरा संकोची. सोबत त्याची आई. त्या एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ओळखीपाळखीचे सगळे त्यांना बाईच म्हणत. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून हातात काठी आली होती, पण काठी टेकण्यापेक्षा दाखवण्यासाठीच जास्त वापरली जायची.

सेल्समननं दोघांना एकच वेळ दिली होती. चूक लक्षात येताच तो ओशाळला.

"म्हणजे... तुमची हरकत नसेल तर एकत्रच बसता का? ट्रॅकवर थोडी तुम्ही चालवा, थोडी हे चालवतील."

"माझी हरकत नाही," इंजिनिअर म्हणाला आणि डॉक्टरकडे बघून किंचित थांबला. "फक्त तुमच्या केसांत... गवत आहे."

तिनं हात फिरवला. भलत्याच बाजूला.

"उजवीकडे. नाही – माझ्या नाही, तुमच्या उजवीकडे."

काडी निघाली. डॉक्टरनं ती खिशात टाकली, जणू कामाचीच वस्तू होती. बाईंनी हे सगळं पाहिलं आणि मागच्या सीटवर चढायच्या खटपटीला लागल्या.

गाडी मोठी झोकात होती. उंच, रुंद छातीची, चिखलाखडकांसाठीच बनवलेली. तिची तीन रूपं होती. सगळ्यात साधी ती बेस, सगळ्या सोयींनी भरलेली ती टॉप, आणि दोन्हींच्या अधेमधे मधली. इंजिन तिन्हींना एकच. शोरूममध्ये उभी होती ती अर्थातच टॉप. छताला काच, सीटला मोटर, दाराखाली आपोआप बाहेर येणारी पायरी. त्या पायरीवरून बाई कुणाचा हात न धरता आत जाऊन बसल्या, तेव्हा इंजिनिअरचा चेहरा उजळला. त्याचं मन तिथंच ठरलं असावं.

डॉक्टरनं आत डोकं घातलं, खाली अंथरलेल्या मऊ गालिच्यावर बोट दाबलं आणि विचारलं, "हिला आतून पाइपनं धुता येईल का?"

सेल्समननं गालिच्याकडे पाहिलं. "आतून, मॅडम?"

"वासराला कधीकधी मागं टाकून आणावं लागतं. ते काही विचारून करत नाही."

इंजिनिअर हसला. मोकळं, खळखळून हसला. त्याचं हसू त्याच्या संकोची चेहऱ्याला शोभणारं नव्हतं. म्हणूनच ते डॉक्टरच्या लक्षात राहिलं.

"पाइपनं धुवायची तर बेस घ्या," सेल्समन नाइलाजानं म्हणाला. "तिच्यात खाली नुसतं रबर असतं."

ट्रॅक शोरूमच्या मागेच होता. मातीचे उंचवटे, एक चर, दगडांचा एक पट्टा. आधी इंजिनिअरनं चालवली. जपून, प्रत्येक दगडाला नमस्कार करत. मग डॉक्टर बसली आणि गाडी चरातून अशी काही वर आली की सेल्समननं दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली.

"डॉक्टर," मागून बाई म्हणाल्या, "आमचा गुडघा नवीन आहे हो."

"सॉरी, बाई."

"सॉरी कशाला? मजा आली. हा चालवत होता तेव्हा मला झोप येत होती."

दोघांपैकी कुणीच त्या दिवशी गाडी बुक केली नाही. पण शोरूमच्या दारात फोन नंबर मात्र दिले-घेतले गेले – मधली गाडी बघायला मिळाली तर एकमेकांना कळवायचं, एवढ्यासाठीच.

ती बघायला मिळेपर्यंत दोघं गाडीवरच बोलत राहिले. फोनवर, मेसेजवर, मग बसस्थानकासमोरच्या कॉफीच्या दुकानात. छताची काच धूळ धरते का. मागच्या सीटखाली हत्यारांची पेटी मावेल का. हळूहळू विषयाच्या कडा सैल झाल्या. तिला कळलं की याला उंचीची भीती वाटते आणि तरी हा रोज टॉवरवर चढतो. त्याला कळलं की हिला म्हशी आवडतात, घोडे आवडत नाहीत, आणि भूक लागली की ही फार चिडते. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. एकदा पावसात दोघं दुकानाच्या पत्र्याखाली अडकले, तेव्हा पत्र्यावरचा आवाज इतका होता की बोलायला त्याला तिच्या कानाशी वाकावं लागलं. वाकून तो म्हणाला, "मागचं चाक रिव्हर्स कॅमेऱ्यात दिसत नाही, टॉपमध्येसुद्धा."

"हे सांगायला एवढा जवळ आलास?"

"नाही," तो म्हणाला. आणि पुढे बोलायच्या ऐवजी लाल झाला.

डॉक्टरच्या घरी तिच्या दादाचा वेगळाच धोशा होता. "घेतेयस तर टॉपच घे. चार लोकांत उभी केली तर दिसली पाहिजे."

"गोठ्यात उभी करणार आहे, दादा. तिथं कोण बघणार? म्हशी?"

मग एकदाची मधली गाडी शोरूमला आली. दोघं मिळून बघायला गेले. तिच्यात खाली रबर होतं, टायर जाड होते, आणि एक बटण होतं – दाबलं की मागची दोन्ही चाकं एकमेकांना बांधल्यासारखी एकत्र फिरत. एक चाक हवेत राहिलं तरी दुसरं गाडी ओढून काढी. बेसमध्ये ते बटण नव्हतं.

"तू हीच घे," इंजिनिअर म्हणाला.

"बेसनं माझं भागेल. माझ्या जीपला कुठं होतं असलं काही?"

"म्हणूनच म्हणतोय. तू एकटी जातेस. वेळीअवेळी, कुठल्याही वाटेनं. बाईमाणसानं एवढी जोखीम..."

तो तिथंच थांबला, पण जे निघायचं ते तोंडातून निघून गेलं होतं.

डॉक्टरचा चेहरा दार लोटल्यासारखा बंद झाला. दोन वर्षांपूर्वी तिचं एक लग्न ठरलं होतं. तो मुलगाही चांगलाच होता, आणि त्याचंही सगळं काळजीतूनच सुरू झालं होतं. एकटी जाऊ नकोस. अंधारात जाऊ नकोस. मग डोंगरातली कामं सोडून दे. मग शहरात दवाखाना घाल, कुत्र्यामांजरांचा. काळजीच्या एकेका पायरीनं तो तिला घरात नेऊन बसवणार होता. शेवटी तिनंच ते मोडलं.

"तुम्हाला गाडीबद्दल विचारलं होतं," ती म्हणाली. "माझ्याबद्दल नाही."

त्या 'तुम्हाला'नं त्याला जे सांगायचं ते सांगितलं. डॉक्टरनं तिथल्या तिथं बेस बुक केली. आठवडाभरात त्यानंही टॉप घेतली, आईच्या पायरीसाठी. मधली गाडी काचेमागे तशीच उभी राहिली.

नंतर त्याचे दोन मेसेज आले. तिनं उत्तर दिलं नाही. तिसरा आला नाही, आणि त्याचा मात्र तिला राग आला.

बेस गाडी कामाला चोख होती. खिडक्या हातानं फिरवायच्या, सीट कडक, रेडिओ खरखरणारा. दिवसभराच्या राबणुकीनंतर डॉक्टर अंगणात पाइप लावून ती आतूनबाहेरून धुई आणि घरात कुणाशी बोलावंसं वाटत नसे म्हणून तिच्याशीच बोले. वहिनी खिडकीतून बघत राही. "गाडीशी बोलतेय," ती दादाला सांगे. "प्रकरण गंभीर आहे."

पावसाळा निम्मा सरला होता तेव्हा टेकडीपलीकडच्या गोठ्यातून बोलावणं आलं. म्हैस अडली होती. दुपारची वेळ, पण आभाळ असं दाटलेलं की दिवे लावावे लागले. शेवटच्या वळणावर पाण्यानं रस्ता कापून नेला होता. गाडी तिरकी आत उतरली, मागचं एक चाक हवेत राहिलं आणि गरगर फिरू लागलं. दुसरं ढिम्म. नेमकं ज्याच्यासाठी ते बटण होतं, तेच झालं होतं.

डॉक्टर स्टिअरिंगवर डोकं टेकून क्षणभर बसली. मग उतरली. टायरांतली थोडी हवा सोडली. दगड वेचून हवेतल्या चाकाखाली रचले, ते सरकले, पुन्हा रचले. नखं फुटली, बूट चिखलात राहून पाय तेवढा बाहेर आला. रडू आलं तेव्हा रडूनही घेतलं, हात न थांबवता. शेवटी चाकानं दगड पकडला आणि गाडी हिसका देऊन वर आली.

त्यानं बटणाबद्दल सांगितलं ते बरोबर होतं. आणि तिचं तिला निभावता येतं, हेही बरोबर होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे तिला त्या चिखलात उभं राहून पहिल्यांदा पटलं.

म्हैस सुटली. रेडकू धडपडत उभं राहिलं. डॉक्टर परतीला लागली तेव्हा पाऊस ओसरला होता.

टेकडीच्या खिंडीत रस्त्याच्या कडेला एक गाडी लंगडी उभी होती. झोकदार, काचेच्या छताची. टायरजवळ इंजिनिअर उकिडवा बसला होता, आणि आत मोटरच्या सीटवर मागे रेलून बाई गाणी ऐकत होत्या.

डॉक्टरनं गाडी थांबवली. मनात आलं, थांबवू नये. पण पाय ब्रेकवर गेला होता.

"काय झालं?"

तो उठला. तिच्याकडे बघतच राहिला – चिखलानं माखलेली, केस गालाला चिकटलेले. "आईला तपासायला नेलं होतं. येताना म्हटलं, टॉवरवर नजर टाकू. दगडानं टायर बाजूनं फाडला. टॉपचे टायर दिसायला छान, पण अगदीच पातळ."

"जास्तीचं चाक?"

"टॉपमध्ये देत नाहीत. जागा वाचवायला पंक्चरचं किट देतात. हे किटनं भरण्यातलं नाही."

"माझ्याकडं आहे," ती म्हणाली, मग स्वतःच मान हलवली. "पण तुमच्या चाकांचं माप मोठं. बसायचं नाही."

काच खाली आली. "डॉक्टर," बाई म्हणाल्या, "तुमच्या गाडीत जागा आहे ना? मग चला. हिच्यात बसून बसून मला गाण्यांचाही कंटाळा आला."

बेसला पायरी नव्हती. डॉक्टरनं दुधाची रिकामी क्रेट उलटी ठेवली, इंजिनिअरनं दंडाला धरलं आणि बाई चढल्या. खाली पेंढा, वर म्हशीचा वास. बाईंनी चौफेर पाहिलं. "दोघांनी मधली घ्यायची होती," त्या म्हणाल्या. "शिकलेली माणसं तुम्ही." मग डोळे मिटले. झोपल्या की नुसते मिटले, ते कळायला मार्ग नव्हता.

गाडी खिंड उतरू लागली.

"आज अडकले होते," डॉक्टर अचानक म्हणाली. "एक चाक हवेत. ते बटण हवं होतं."

त्यानं स्टिअरिंगवरच्या तिच्या फुटलेल्या नखांकडे पाहिलं.

"मी सांगितलं होतं, असं म्हणायचंय का?"

"नाही. कशी निघालीस, ते विचारायचंय."

तिनं सांगितलं. हवा, दगड, बूट, रडणं – सगळं. ती थांबल्यावर तो म्हणाला, "मी दोनदा मेसेज केला. तिसऱ्यांदा करायला आलो होतो, घरापर्यंत. तू गाडी धूत होतीस. हसत होतीस. वाटलं, हिचं छान चाललंय... आपण कशाला."

"मी गाडीशी तुझ्याचबद्दल बोलत असेन."

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. कान तापले. मागच्या सीटवरून खोकल्यासारखा काहीतरी आवाज आला आणि लगेच थांबला.

त्याचं घर आलं. बाई उतरल्या, किल्ली मागितली, "मी कुलूप उघडते," म्हणाल्या आणि मागे न बघता आत गेल्या. दोघं इंजिन चालू ठेवून बसून राहिले.

"मी या कामावरच राहणार आहे," ती समोर बघत म्हणाली. "म्हातारी होईपर्यंत. एकटीच जाणार, बोलावणं येईल तेव्हा. मला काळजी केलेली चालेल. अडवलेलं चालणार नाही."

"अडवणार नाही," तो म्हणाला. "काळजी मात्र थांबवता येणार नाही. ती मी टॉवरवर चढताना माझीही करतो, आणि तरी चढतोच." मग थोडं थांबून, "पण आलीस की सांगशील? नुसतं 'पोचले' एवढंच. मला झोप येत नाही."

"कधीपासून?"

"शोरूमपासून."

तिला हसू फुटलं. हातावर सुकत आलेला चिखल होता, नखं काळी होती. तो हात तिनं तसाच पुढे केला. त्यानं तो दोन्ही हातांत धरला – घट्ट, चिखलासकट.

"तू माझ्याशी लग्न करशील?" डॉक्टरनं विचारलं.

त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाईंची हाक आली.

"हो म्हण रे! दूध उतू चाललंय, मला दोन्हीकडे बघता येत नाही!"

"हो," तो म्हणाला.

डॉक्टरनं इंजिन बंद केलं.