दगडावरचा स्पीकर

कोणाला खोटं वाटलं तर वाटो. श्रावणमामांनी हे मला मान खाली घालून सांगितलं, आणि खोटं रचणारा माणूस स्वतःचीच इतकी लाज काढत नाही.

१९८७ चा मार्च. चामोर्शी. बाजाराचा दिवस, भर दुपार.

मामा जंगलातल्या एका गावात मास्तर होते. सायकलने जायचे-यायचे. घरी नवा टेपडेक आणि दोन स्पीकर आणले, आणि त्या आवाजाने त्यांना वेडच लावलं. जाड वायर घातली. स्पीकरखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठेवले. एकदा तर स्पीकर मडक्याच्या तोंडावर बसवून पाहिला. तरी ढोलकी घुमायची, टेबल थरथरायचं.

खाली वजनदार दगड हवा, असं त्यांच्या डोक्यात बसलं.

तो शाळेच्या वाटेवर मिळाला. हातभर लांब, चपटा... आडवा पडलेला.

सुकलू नावाचा म्हातारा वारला, तेव्हा त्याच्या माणसांनी त्याच्या नावाने उभा केलेला दगड. मामांना हे पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी पंगतीला तेही बसले होते. तरी 'पडलाच तर आहे' असं मनाला समजावत त्यांनी तो कॅरिअरला बांधला. सीतामामीने विचारलं, तर म्हणाले, "नाल्यातला हाय." मामीने बिचारीने हौसेने त्यावर भरतकामाचा रुमाल घातला.

त्यावर स्पीकर चढला, आणि आवाज असा मोकळा झाला, की शेजारी दारात येऊन ऐकायला लागले. मामांची कॉलर ताठ.

आणि त्या बाजाराच्या दुपारी, दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत...

खोकला.

कोरडा. दोनदा. मग धाप.

कॅसेट खराब असेल म्हणून दुसरी लावली.

पुन्हा... दोनदा.

मामांनी टेप बंद केला. प्लगच उपसला.

मागे वळले, तर दारात सुकलूची बायको बुधरी. डोक्यावर मोहफुलांची टोपली.

"मास्तर भाऊ, आमच्या बुढ्याचा दगड दिसला का तुले? पोट्टे शोधून राह्यले."



"मले नाई दिसला, बाई."

आणि बंद स्पीकरमधून... तोच खोकला.

बुधरी आत आली. तिने रुमाल उचलला नाही. नुसता त्यावरून हात फिरवला आणि मूठभर मोहफुलं बाजूला ठेवली.

"थंडीभर बाहेर होता," ती म्हणाली. "इथी सावली हाय. राहू दे."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती गेल्यावर मामा उंबऱ्यावर बसून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दगड परत नेला. बुधरी तिथेच होती. दोघांनी मिळून तो उभा केला, तिने बुडाशी माती दाबली. तेव्हाही मामांच्या तोंडून खरं निघालं नाही.

"सापडला, बाई," एवढंच म्हणाले.

स्पीकरच्या वायरी काढून ते माळ्यावर टाकले. खोकला पुन्हा कधीच आला नाही.

पण बाजाराच्या दुपारी माळ्यावरून काहीतरी ऐकू येतं. मीही ऐकलंय. वायर नाही, वीज नाही... तरी आवाज स्वच्छ, जराही खरखर नाही.

मामांचा आवाज. तरुणपणीचा.

"मले नाई दिसला, बाई."

मामा तेव्हा कानांवर हात ठेवत नाहीत. मुकाट ऐकून घेतात. बुधरी जाऊन बरीच वर्षं झाली, आता कबूल तरी कोणाजवळ करायचं?