सात मिनिटं आधी

ताईचं त्या सकाळचं काम तसं साधंच होतं. प्रसूतिगृहाचा सर्व्हर आठ दिवसांपासून मध्येच दम लागल्यासारखा अडखळत होता. त्याची कॅशे तपासायची, हवी तर मोठी करायची, आणि मग वर जाऊन धाकट्या बहिणीच्या उशाशी बसायचं. धाकटी कालपासून कळा सोसत होती. आई तिच्याजवळ होती.

सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत होता. उन्हं चांगली वर आली होती, तरी आत थंडगार. पंख्यांची एकसुरी घरघर आणि तापलेल्या धुळीचा वास. ताईनं खुर्ची ओढली आणि यादी उघडली.

कुणी एखादं पान मागितलं की सर्व्हरला त्याचा कोड वाचून यंत्राच्या भाषेत उतरवावा लागतो. दर वेळी ही हमाली नको म्हणून उतरवलेली प्रत तो स्मृतीत जपून ठेवतो. ती जागा म्हणजे कॅशे. इथली कॅशे काठोकाठ भरत होती. भरली की स्वतःच सगळं पुसून टाकायची आणि पुन्हा श्रीगणेशा करायची. दुखणं कळलं, तशी ताई खूश झाली. आता एक आकडा वाढवून सर्व्हर पुन्हा सुरू केला की झालं.

तेवढ्यात यादीत तिला एक ओळ दिसली. नावाच्या रकान्यात काहीच नाही. डिस्कवर अशी फाइलही नाही. किती वेळा वापरली तो आकडा मात्र होता, आणि तिच्या डोळ्यांदेखत तो एकानं वाढला. घड्याळात नऊ चाळीस झाले होते.

"आकार फक्त तीन किलो..." ती स्वतःशीच पुटपुटली.

"तीन किलो? छान वजन आहे की!" दारातून आवाज आला. मोठ्या सिस्टर हातात चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. उकाड्यात दोन मिनिटं गारव्याला त्या हमखास इथे येत.

"अहो सिस्टर, फाइलचा आकार तो! तीन किलोबाइट."

दोघी खो खो हसल्या. गप्पांत चहा संपत आला, तोच वरून बाळाचं रडणं ऐकू आलं. सिस्टरांनी सवयीनं घड्याळ पाहिलं. "नऊ सत्तेचाळीस. दोन नंबरची सुटली गं बाई!" म्हणत त्या पळाल्या.

दहा बावीसला आकडा पुन्हा हलला. दहा एकोणतीसला वर दुसरं बाळ रडलं. ताईच्या मानेवरून गार काहीतरी सरकलं. योगायोग, असं तिनं स्वतःला बजावलं. अकरा पाचला आकडा तिसऱ्यांदा वाढला, तेव्हा ती उठून जिन्यात जाऊन उभी राहिली. अकरा बारा. बंद दारापलीकडून खणखणीत टाहो आला, आणि बाहेर कुणाचे तरी आजोबा चक्क नाचायला लागले. ताईलाही हसू फुटलं.

एवढ्यात आई बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता.

"ठोके मध्येच मंद होतायत म्हणे बाळाचे... डॉक्टर बारापर्यंत बघणार, नाहीतर ऑपरेशन."

"धाकटी काय म्हणतेय?"

"तुला शिव्या घालतेय. म्हणते, ताईला यंत्र जवळचं."

ताई खाली धावली. कॅशे सत्त्याण्णव टक्के भरली होती. अजून दोन-चार नवी पानं उघडली, की सगळं पुसलं जाणार आणि ती बिननावाची ओळही जाणार. जाऊ दे की, असं शहाणपण सांगत होतं. पण मनात एक शंका शिरली होती, ती काही केल्या हलेना. ही ओळ बाळ येणार एवढंच सांगते... की त्याला आणते?

तिनं फोन उचलला. "लॅब? पेशंटचं जे लागेल ते उघडा, पण जुने अहवाल बारापर्यंत उघडू नका."

"का गं ताई?"

"मावशी होतेय मी, म्हणून!"

औषधवाल्यांना सांगितलं, स्वागतकक्षाला सांगितलं. अठ्ठ्याण्णव. कुणीतरी रजेचा अर्ज उघडला. नव्याण्णव. पंख्यांची घरघर आता श्वासासारखी वाटत होती, आत, बाहेर, आत... ताई पडद्यापुढे हात जोडून बसली होती. देवाला की यंत्राला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

अकरा बावन्नला आकडा हलला.

ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. "येतंय! सात मिनिटांत येतंय!" आई बघतच राहिली. अकरा एकोणसाठला दार उघडलं आणि सिस्टरांनी बाहेर डोकं काढलं. घामाघूम, पण तोंडभर हसू.

"भाची झाली तुला! ऑपरेशन नाही, काही नाही. आली आपली आपण!"

आईनं ताईला मिठी मारली आणि दोघी लहान मुलींसारख्या रडल्या. ताई खाली आली, तर कॅशे भरून स्वतःच रिकामी झाली होती. ती ओळ गेली होती. तिनं जागा दुप्पट केली, सर्व्हर पुन्हा सुरू केला, आणि तो हरणासारखा पळू लागला.

चौथ्या दिवशी दुपारी धाकटी बाळाला घेऊन घरी गेली. प्रसूतीची खोली धुऊन कुलूप घातलेलं होतं. त्या दिवशी इस्पितळात एकही बाळंतीण नव्हती, की अडलेली बाई नव्हती. ताई कॅशेचे आकडे शेवटचे पाहत होती. सगळं झकास चाललं होतं. यादीच्या तळाशी ती बिननावाची ओळ पुन्हा आली होती, आणि तिच्यापुढे एक हा आकडा उमटला.

ती सावकाश जिना चढली. प्रसूतीच्या खोलीबाहेर सिस्टर एकट्याच जन्मनोंदीची वही घेऊन बसल्या होत्या. ताई शेजारी बसली.

सात मिनिटांनी कुलूपबंद दारामागून आवाज आला. रडण्याचा नव्हे. कुणीतरी इवलंसं, अगदी आनंदानं, खुदकन हसलं होतं.

सिस्टरांनी ताईकडे पाहिलं नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं, वहीत वेळ लिहिली, आणि आईच्या नावाची जागा कोरी सोडली.