गळती

"अहो, तो स्पीकर जरा लांब धरा ना!"

सिन्नरहून नाशिकला निघालेल्या जीपमध्ये हर्षाली शेजारच्या तरुणावर जवळजवळ खेकसलीच. तिच्या मांडीवरच्या डबीत पुण्याहून करून आणलेल्या, चुंबकीय थर दिलेल्या चकत्या होत्या... आणि त्याच्या मांडीवर भलामोठा स्पीकर, आत जाडजूड चुंबक असलेला.

"एवढ्या अंतरावरून नमुन्यांना काही होत नाही," तो हसत म्हणाला. "तरी धरतो. तुम्ही लय रागावलात."

नमुने? याला कसं कळलं?

ते सोमवारी कळलं. तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पीएचडीला आलेला नवा मुलगा तोच होता – देवळ्याचा नवनाथ.

कॉम्प्युटरच्या चुंबकीय मेमरीत माहिती लिहिताना वीज खर्च होते, उष्णता निघते. विजेच्या प्रवाहाऐवजी नुसत्या व्होल्टेजनं चुंबकाची दिशा फिरवली, तर वीज कितीतरी कमी लागेल... हर्षाली पुण्याला जाऊन चकत्या तयार करून आणायची, नवनाथ मोजमाप घ्यायचा. सुईसारखं टोक चकतीवर टेकवताना दोघं श्वास रोखायची, आणि दिशा फिरली की एकाच वेळी सोडायची.

"फिरली," तो एकदा म्हणाला.

"स्क्रीन तर इकडे आहे. तू माझ्याकडे काय बघतोयस?"

"तुझ्याकडं बघूनच कळतं."

ती लाजली. बाहेर गंगापूर रोडवर पाऊस भुरभुरत होता, आणि तिला घरी जायची मुळीच घाई नव्हती.

नवनाथच्या मोजणीत वीज दहापट कमी लागली. त्या जोरावर त्याची जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत निवड झाली. "तूही ये... बायको म्हणून," तो अडखळत म्हणाला. हर्षाली हो म्हणाली. घरी सांगायचंही ठरलं.

मग हर्षालीनं चकत्यांची नवी खेप आणली. या वेळी ती स्वतः मोजायला बसली, तेव्हा तिच्या लक्षात आलं, चुंबकावरच्या वीज अडवणाऱ्या मधल्या थरातून वीज गळतेय आणि ती नवनाथनं हिशेबात धरलेलीच नाही. धरली, तर बचत जवळजवळ उरतच नव्हती.

"मला माहितीय," तो खाली बघत म्हणाला.

"माहितीय? कधीपासून?"

"निवडीच्या आधीपासून. हर्षू, तिकडं पोचलो की सुधारतो ना... तोवर गप्प राहा. आपल्या दोघांसाठी."

"दोघांसाठी म्हणू नकोस, नवनाथ. तूच सांग आपल्या गाईड सरांना. मी येते बरोबर."

तो उठून गेला. आठवडाभर तिनं वाट पाहिली... फोनही नाही. शेवटी ती एकटीच सरांच्या केबिनमध्ये गेली. गळतीचे आकडे तिनं त्यांच्यासमोर ठेवले. निवड रद्द झाली.

नवनाथ सामान न्यायला आला तेव्हा ती दारात उभी होती.

"माझ्यावर चिडलायस?"

"नाही. बरोबर होतं तुझं. पण आता तू समोर आलीस की मला फक्त मी काय केलं तेच दिसतं. असं रोज घरात कसं बघायचं, सांग?"

तो जिना उतरून गेला.

हर्षालीनं मधला थर बदलला. वर्षभरानं गळती थांबली, वीज खरंच वाचली. सुईखाली चुंबकाची दिशा फिरली, तेव्हा तिनं रोखलेला श्वास एकटीनंच सोडला.