सिद्धम्माचं अपुरं भजन

लातूरला गोलाईच्या मागच्या गल्लीत मंजुषाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. शिकवणीच्या पोरांचे लॅपटॉप, वकिलांचे प्रिंटर, कुणाच्या लग्नाचे उडालेले फोटो, असलं काम तिच्याकडे येतं. त्यामुळे उदगीरहून गुरुपादप्पांचा फोन आला तेव्हा तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही. त्यांनी तिच्याच दुकानातून नवी एसएसडी डिस्क नेली होती आणि ती चालत नव्हती.

"भजनं भरून राहिलो तर मधीच डिस्क गायब व्हायलीय बघा," गुरुपादप्पा म्हणाले. "जुनी हार्ड डिस्क टकटक करायलीय. तिचा काय भरोसा न्हाई. एकडाव तुम्हीच या."

मंजुषा सकाळच्या बसने निघाली आणि दुपारी त्यांच्या दारात पोचली. गुरुपादप्पा ओट्यावर वाटच बघत होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, अंगात धुवट सदरा. "शरणार्थ," म्हणून त्यांनी तिला घरात घेतलं आणि जिन्याने खाली तळघरात नेलं.

तिथे त्यांनी फार वर्षांपूर्वी रेकॉर्डिंगची खोली केली होती. भिंतींना, छताला आणि दाराच्या आतल्या अंगालाही जाड फोम चिकटवलेला. खिडकी नाही. मधोमध एक माइक, टेबलावर कॉम्प्युटर, कोपऱ्यात गवसणी घातलेली पेटी. आत पाऊल टाकताच रस्त्यावरच्या ऑटोंचा, शेजारच्या गिरणीचा आवाज असा तुटला, की मंजुषाला वाटलं आपल्या कानांनाच काही झालं.

"सिद्धम्मा, माझी बायकू, इथंच गायची," गुरुपादप्पा म्हणाले. "आणि इथंच गेली. झटका आला. मी वरच व्हतो, पण या खोलीतलं वर काय ऐकू येतंय?" त्यांनी सदऱ्याच्या टोकाने माइकवरची धूळ पुसली. "तिचा आवाज तेवढा त्या डिस्कात राहिलाय. तेवढा काढून द्या, पोरी."

जाताना त्यांनी दाराला एक वीट लावली. "दार लागू देऊ नका. आतली मूठ तुटलीय. बाहेरूनच उघडतं. मी चहाचं बघतो."

मंजुषा कामाला लागली. तिने आधी केबल बदलली, मग जोडणीची जागा बदलली. पॉवर तपासली. दोष डिस्कचाच असेल म्हणून ती काठोकाठ फालतू डेटाने भरून पाहिली. डिस्कने सगळं निमूट लिहून घेतलं. मग डिस्क पुसून तिने जुन्या हार्ड डिस्कमधली इतर गायकांची गाणी टाकली, तीही गेली. सिद्धम्माची भजनंसुद्धा एकामागून एक जात राहिली. शेवटचं एकच राहिलं.

ते अर्ध्यावर आलं आणि स्क्रीनवरची हिरवी पट्टी थांबली. डिस्क गायब.

तिने पुन्हा लावली. पुन्हा तेच. स्वतःचा लॅपटॉप काढून त्याला लावली. तिथेही पट्टी त्याच जागी अडली. तापली असेल म्हणून तिने डिस्क हातात घेतली, आणि पटकन टेबलावर टाकली. लिहिताना डिस्क गरम होते. ही बर्फासारखी गार पडली होती.

जुन्या डिस्कवर भजन धड आहे का, ते तरी ऐकावं म्हणून तिने हेडफोन लावले. सिद्धम्माचा आवाज भरदार होता, जरासा खर्जातला. दुसऱ्या कडव्यात ती मध्येच थांबली होती. पुढे नुसती शांतता. म्हणजे भजन अपुरंच राहिलं होतं. पण फाइल धड होती, त्यात खोट नव्हती.

मग नवी डिस्क पुन्हा जोडून तिच्यावर जेवढं उतरलं होतं, ते तिने लावलं.

इथे पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू झालं, सिद्धम्मा थांबली... पण शांतता आली नाही. कुणीतरी धापा टाकत होतं. मग फोमवर हात आपटल्याचे आवाज, मऊ, दबलेले.

"अवं... अवं, ऐकलं का... दार लागलंय... दार उघडा की..."

मंजुषाने हेडफोन ओढून काढले. जुन्या डिस्कवरच्या फाइलमध्ये हे नव्हतं. जे तिथे नव्हतंच, ते इथे कसं लिहिलं गेलं? गुरुपादप्पांना हाक मारावी म्हणून ती वळली.

दार बंद होतं.

वीट आतल्या बाजूला, भिंतीजवळ होती. दार लागल्याचा आवाज तिने ऐकलाच नव्हता. मूठ होती त्या जागी नुसतं भोक. तिने बोट घातलं, पेचकस घातला, खांद्याने रेटा दिला. दार हललंही नाही. मोबाइलला रेंज नव्हती. खोलीत विभूतीचा वास दाटत चालला होता, आणि त्याखाली घामाचा, कोंडलेल्या श्वासाचा.

गुरुपादप्पा चहा घेऊन येतीलच, असं स्वतःला सांगत ती खुर्चीत बसली. टेबलावरच्या हेडफोनमधून अजून काहीतरी पुटपुटत होतं. ऐकायचं नाही असं ठरवूनही तिने ते कानाला लावले.

सिद्धम्माचा आवाज आता थकला होता. विझत विझत तो गेला. आणि त्याच्या जागी दुसरा आला. तरुण बाईचा, घाबरलेला.

"अप्पा... अप्पा, दार उघडा... मी आत अडकलेय..."

तो आवाज तिचा स्वतःचा होता.

मंजुषाने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. हे शब्द तिने उच्चारले नव्हते. आणि उच्चारायचे नाहीत, एवढंच तिला त्या क्षणी कळलं. का ते सांगता आलं नसतं. समोर स्क्रीनवर पट्टी पुन्हा दिसत होती, अर्ध्यावर अडलेली. ती कुणी सुरू केली होती? खोलीच्या मधोमध माइकवरचा लाल दिवा लागला होता. त्याला तर तिने हातही लावला नव्हता.

कोणीतरी वाट बघत होतं. तिने बोलण्याची.

ती दाराशी गेली आणि तोंडातून चकार शब्द न काढता मुठी आपटू लागली. फोमने प्रत्येक ठोसा गिळला. बोटांची सालटं निघाली. हवा कमी पडायला लागली, की तिला तसं वाटलं, देव जाणे. लेक शाळेतून आली असेल... नवऱ्याला, दयानंदला, आपण नेमकं कुणाच्या घरी जातोय ते सांगितलंच नाही... आणि मग मागून, अगदी मानेजवळ, कुणीतरी दमलेला श्वास सोडला.

"अप्पा!" ती किंचाळली. "अप्पा, दार उघडा! मी आत अडकलेय!"

स्क्रीनवरची पट्टी हलली. सरकत सरकत शेवटाला पोचली. भजन उतरलं.

"पोरी... ए पोरी, काय झालं?"

गुरुपादप्पा तिच्या शेजारी उभे होते. दार सताड उघडं होतं आणि वीट त्याला लावलेलीच होती. टेबलावर चहाचे दोन कप, दोन्हींवर साय धरलेली.

"दार... लागलं होतं," ती कशीबशी म्हणाली.

"न्हाई की. मी दोनदा चहा ठिवून गेलो. तुम्ही खुर्चीत बसून व्हता, कानाला ते लावून. हाक मारली तर बघंनात. म्हणलं काम चालू हाय." मग त्यांची नजर तिच्या बोटांवर गेली. सालटलेली, रक्ताळलेली बोटं.

तिने नव्या डिस्कवरचं भजन लावून दिलं. धापा नव्हत्या, ठोठावणं नव्हतं. सिद्धम्मा दुसऱ्या कडव्यात थांबली नाही. तिसरंही गायली. गुरुपादप्पांनी हात जोडले. "हे तर तिनं कधी पुरं केलंच न्हवतं..." ते म्हणाले आणि डोळे पुसत राहिले. जुनी हार्ड डिस्क बंद पडली होती. तिची टकटक थांबली होती.

मंजुषा पैसे न घेताच बाहेर पडली. उन्हात, माणसांत, गिरणीच्या घरघरीत येऊन तिला इतकं बरं वाटलं, की बसमध्ये बसल्या बसल्या तिने दयानंदला व्हॉट्सॲपवर आवाजातच निरोप पाठवला. निघालेय, भाजी घेऊन येते, काळजी करू नकोस.

त्याचं उत्तर लगेच आलं. "काही ऐकू येईना. नुसता गाडीचा आवाज येतोय."

तिने पुन्हा पाठवला. मग पुन्हा. शेवटी सरळ लिहून टाकलं.

मागच्या महिन्यात लेकीचा वाढदिवस झाला. दयानंदने व्हिडिओ काढला. त्यात टाळ्या ऐकू येतात, पोरांचा गलका ऐकू येतो, लेक आईला हाक मारते तेही ऐकू येतं. मंजुषा तिच्याकडे वाकून हसते, ओठ हलवते, काहीतरी लांबलचक बोलते. लेक मान डोलावते, कारण तिला ते ऐकू आलेलं असतं. व्हिडिओत मात्र तेवढी जागा कोरी आहे.