तार वाचायच्या आधी

पटेल त्याला पटेल, पण यातलं एक अक्षर माझ्या मनाचं नाही.

पुतळाबाई माझी सख्खी आत्या. राहते घणसोली गावात, देवळामागच्या गल्लीत. आणि हे रात्रीबेरात्रीचं नाही बरं का... गेल्या चैत्रातल्या भर दुपारचं आहे. ऊन असं की गल्लीतली कुत्रीसुद्धा गटारीच्या कडेला लवंडलेली.

पण आधी तारेचं सांगायला हवं. आताच्या पोरांना तार म्हणजे काय ते ठाऊकच नाही.

आत्याच्या तरुणपणी घरोघरी फोन नव्हते. निरोप तातडीचा असला की पोस्टातून तार यायची. खाकी कपड्यातला माणूस सायकलवरून यायचा, घंटी वाजवायचा आणि दारातूनच ओरडायचा, "तार आहे, घ्या!" चांगली बातमी कोण कशाला तारेनं कळवतंय? मेल्याचीच तार यायची. शिवाय मजकूर इंग्रजीत. गावात वाचणारं कोणी नाही. मास्तर राहायचे शेजारच्या गावी, बोनकोड्याला. त्यांना आणेपर्यंत कोण थांबणार?

म्हणून तार आली की बाया आधी रडून घ्यायच्या. वाचायची मागाहून.

आत्याचा नवरा गणू मालवाहू बोटीवर खलाशी होता. मुलगा हरेश तेव्हा आत्याच्या पोटात. एका दुपारी तार आली... सासूनं, गिरजाबाईनं, कागद पाहिला आणि हंबरडा फोडला. सगळी आळी गोळा झाली. आत्याचं कुंकू पुसलं. बांगड्या जात्यावर आपटून फोडल्या.

दिवेलागणीला मास्तर आले. चष्मा लावून वाचलं... आणि हसायलाच लागले.

"अहो, गणू जिवंत आहे! कोचीनला उतरलाय. 'निघालो. पोचतो.' एवढंच लिहिलंय!"

मग काय हशा! गिरजाबाईनं स्वतःच्या हातानं सुनेला कुंकू लावलं. "पुसलेला परत लावता येतो गो," म्हणाली. कासारणीला बोलावून नव्या बांगड्या भरल्या. मास्तरांना चहा, सगळ्यांना गूळ.

गणू आला नाही.

सोबतच्या खलाशानं त्याला कोचीनला गाडीत चढताना पाहिलं होतं. उतरताना कोणीच पाहिलं नाही. ना प्रेत, ना निरोप.

गिरजाबाई मरेपर्यंत एकच घोकत राहिली, "आधी वाचली असती, तर वाचला असता. मीच रडून त्याला वाटेला लावला."

तेव्हापासून त्या घरात एक नेम होता. बातमी काय ती पुरती कळल्याशिवाय रडायचं नाही. आत्यानं तो नेम हाडांत मुरवला होता. कुंकूही तिनं परत पुसलं नाही. "तो येतो बोलला हाय," म्हणायची. "येयाला वेल लागतोय."

म्हातारपणी तिला एकच वेड. कीर्तन. सप्ताह कुठेही असो, मी तिला स्कूटरवर घालून न्यायचो. नारदाच्या गादीवर बुवा उभे राहिले, वीणेचा पहिला झणत्कार झाला की हिच्या डोळ्यांत पाणी. रडायची ती तेवढंच. देवासाठी रडायला बंदी नव्हती. मोबाइल आल्यापासून रोज दुपारी जेवण झालं की खाटेवर पडून कीर्तन ऐकायची.

हरेशही बापासारखा बोटीवरच गेला, इंजिनखात्यात. तो घरी येणार होता त्याच दिवसांतली ही गोष्ट. बोट कोचीनला लागली होती, तिथून विमानानं मुंबई. सून भावना हौसेनं हिरवाकंच चुडा भरून आली होती. घरात नेटचं कनेक्शनही घेणार होती.

"आई, आता हे परत गेले ना, की व्हिडिओवर अख्खं घर दाखवायचं त्यांना. अटकणार नाही बघा."

"मना काय दाखवतेस? माजा तोंड त्यानं बगलेला हाय."

"तुमचं नाही हो, माझं!"

दोघी खळखळून हसल्या.

आणि त्याच दुपारी पहिल्यांदा तो आवाज आला.

कट्ट... कट्-कट्... कट्ट...

देवघरामागच्या भिंतीतून. आत्याला आधी वाटलं, चिपळ्या. "भावना, देवलान भजन बसलाय का गो?"

"देऊळ बंद आहे आई. पाल असेल."

पाल एवढी ठेक्यात बोलते?

दुसऱ्या दुपारी आवाज जवळ आला. मोबाइलवर बुवा रंगात आले होते. भक्तानं हाक मारली आणि देव धावत निघाला, इथवर आख्यान आलं होतं... आणि बुवांचा आवाज थांबला. वीणा चालू. टाळ चालू. माणसाचा आवाज तेवढा नाही. मग वीणाही गेली.

उरलं फक्त... कट्ट... कट्-कट्... कट्ट...

आत्यानं मोबाइल उशीखाली सारला आणि रामनाम घेत बसली. सुनेला बोलली नाही. नवरा यायचा म्हणून आनंदात असलेल्या पोरीला कशाला घोर?

तिसऱ्या दुपारी आवाज आलाच नाही.

कसलाच आला नाही. शेजारच्या मंजुषाचा मिक्सर नाही. गल्लीच्या तोंडाशी कायम चालणारं बांधकामाचं मशीन नाही. डोक्यावरचा पंखा फिरत होता... पण त्याची घरघर नव्हती.

आत्या खाटेवर उठून बसली.

आणि गल्लीत घंटी वाजली... सायकलची.

त्या गल्लीत आता सायकल कोणाकडे आहे?

ओटीवरून भावनाची चाहूल लागली. दार उघडलं. कुणीतरी काहीतरी बोललं, शब्द आत पोचले नाहीत. मग भावना तिथूनच हसत ओरडली,

"आई... तार आली!"

आत्या सांगते, "मना काय झाला तो मना कलला नाय. नेम इसरले. तोंडातना आवाज निंगाला तो माजा नव्हता... माजे सासूचा होता."

तिनं हंबरडा फोडला. "हरेश! माज्या हरेशा रे!" दोन्ही हातांनी ऊर बडवायला लागली.

भावना धावत आली. "आई! अहो आई, काय झालं? वायर! नेटची वायर आलीय! तो माणूस 'तार' म्हणाला म्हणून मी पण गमतीनं..." तिनं सासूचे हात धरायला झडप घातली. म्हातारीच्या हातात कुठून बळ आलं कोण जाणे. झटापट झाली, खाटेच्या लोखंडी पट्टीवर हात आपटले.

खळ्ळकन आवाज झाला.

आत्याचे हात थांबले. तिनं आधी स्वतःच्या मनगटांकडे पाहिलं. तिच्या बांगड्या शाबूत होत्या.

खाली पडलेल्या काचा हिरव्याकंच होत्या.

मग भावना धडपडत दाराशी गेली. गल्ली रिकामी. खांबावरच्या काळ्या वायरींचा गुंता तेवढा हलत होता... आणि वारा तर नव्हता.

तिनं नेटवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, आमचा माणूस उद्या येणार आहे. आज कोणालाच नाही पाठवलं."

"अहो, खाकी शर्टवाला. म्हणाला, तार आहे, घ्या."

"तार? वायरला आता तार कोण म्हणतं, मॅडम?"

फोन ठेवला तोच मेसेज आला. हरेशचा. एरवी लांबलचक व्हॉइस नोट टाकणारा माणूस. त्यानं लिहिलं होतं,

'निघालो. पोचतो.'

हरेश आला नाही.

पोलीस झाले, बोटीच्या कंपनीत खेटे झाले. कोचीनच्या कॅमेऱ्यात तो विमानात चढताना दिसतो. पाठीवर सॅक, हातात भावनासाठी काहीतरी घेतलेली पिशवी. मुंबईत उतरताना दिसत नाही. सीटवरही नव्हता म्हणतात.

भावनानं चुडा परत भरलाय. सासूशी ती भांडली नाही, चकार शब्दानं बोलली नाही. पण हल्ली ती हसत नाही. आणि दार वाजलं तर उघडायला जात नाही.

मी जातो अधूनमधून. मध्यंतरी सप्ताह होता. म्हटलं, "आत्या, चल. बुवा चांगले आलेत. हाक मारली की देव धावून येतो, त्याचंच आख्यान आहे."

ती म्हणाली, "हाक मी पन मारली होती रं. वंगाल मारली."

तेवढ्यात... भिंतीतून...

कट्ट... कट्-कट्... कट्ट...

मी ऐकलं. देवाशपथ ऐकलं. नंतर तसलाच दुसरा आवाज, जरासा वेगळ्या हाताचा. जणू दोघं आहेत.

आत्यानं भिंतीला कान लावला. हात माझ्या दंडावर.

"बाप-लेक हायेत," ती हळूच म्हणाली. "कवापासना कायतरी सांगतान. तू शिकलेला हायेस ना? वाच ना रं... कोनतरी वाचा. आता वाचल्याबिगर मी रडनार नाय."

मला ती तारयंत्राच्या कट्-कट्ची भाषा येत नाही. तारखातं बंद झालं. विचारायला जायचं कुठे, तेच कळत नाही.

आत्याचे डोळे कोरडे आहेत. अजून कोरडेच आहेत...

आणि भिंतीतला आवाज हल्ली थांबत नाही.